नदीकडची बाजू

गाड्यांची अंगं बनवणाऱ्या आमच्या तोरिनोच्या कारखान्यात डावं-उजवं कुणी म्हणत नसे. गाडीचा साचा नेहमी एकाच तोंडानं उभा असायचा. नाक फाटकाकडे, शेपूट भट्टीकडे, एका अंगाला दोरा नदी, दुसऱ्या अंगाला भिंत. म्हणून पत्रा घडवणारी माणसं म्हणायची, नदीकडचं दार, भिंतीकडचा मडगार्ड. नवीन आलेला कुणी चुकून 'डावीकडचा' म्हणाला की पत्र्याच्या कामातला सेकोंदो त्याला विचारायचा, कुणाच्या डावीकडचा रे, तुझ्या की तुझ्या सासूच्या? मग तो माणूस जन्मात पुन्हा डावं म्हणत नसे.

'नदीकडचं' हाच शब्द एका गाडीला खाऊन गेला. माझ्या नवऱ्यालाही, पण ते नंतर.

मी देल्फिना. अंगणापलीकडच्या खोलीत आम्ही सहा बायका गाड्यांच्या सीटा शिवायचो. एवाझियो, माझा नवरा, अलीकडच्या मोठ्या खोलीत पत्रा घडवायचा. अल्युमिनियमच्या पत्र्याला धुण्याचा साबण चोळायचा, खालून ज्योत फिरवायची, साबण तपकिरी झाला की ओळखायचं पत्रा मऊ झाला. मग वाळू भरलेल्या कातडी पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकत राहायचं, दिवसचे दिवस. लग्न झाल्यापासून माझ्या उशीला जळक्या साबणाचा वास होता. त्या मोगरीनं त्याचे कान नेले. पन्नाशी गाठायच्या आतच तो माणसांचं बोलणं ऐकेनासा झाला. बाजारात, डॉक्टरकडे, चर्चच्या पायरीवर कुणी काही बोललं की तो माझ्याकडे बघायचा आणि मी ओठ मोठे हलवून सांगायची. मी सांगेन तेच लोक बोलले, असं त्याचं जग झालं होतं.

आम्ही बायका शिवताना एक गाणं म्हणायचो, पलीकडच्या ठोक्यांच्या तालावर:

पत्रा माझा पांढरा गं, मोगरी त्याला सांगे,
ऊठ बाळा थोडासा, खांद्याला वारा लागे.

हे एवाझियोला ऐकू जात नसे. पण ठोक्यांचा आणि गाण्याचा ताल जुळायचा तो जुळायचाच.

बहात्तर सालच्या वसंतात मोदेनाकडच्या एका इंजिनवाल्या कंपनीनं आमच्याकडे नवीन गाडीचं अंग मागितलं. इंजिन त्यांचं, अंग आमचं. नोव्हेंबरच्या तोरिनोच्या प्रदर्शनात एक गाडी मांडायची. ती त्यांच्या मनात भरली तर तशा पन्नास करायच्या, आणि पन्नासही आमच्याच कारखान्यात, हातानं. नाव आधीच ठरलं होतं, आव्हेर्ला. खाटीक पक्षी. इवलासा असतो, पण धरलेलं पाखरू काट्याला टोचून ठेवतो. असलं नाव गाडीला कुणी देतं का, असं मी एवाझियोला म्हटलं होतं. तो म्हणाला, नाव रंगवतात गं, मी पत्रा ठोकतो.

रेषा काढणारा बाल्बिस. त्याला सगळे आर्किटेक्ट म्हणायचे. देखणा, बोलायला गोड, पट्टी सोडून हात न चालणारा. त्याची आव्हेर्ला म्हणजे कागदाची घडी, नाकापासून शेपटीपर्यंत एक धार. एवाझियोनं प्लास्टरच्या नमुन्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, डोळे मिटून तळहात फिरवला आणि मागच्या चाकापाशी थांबला. तिथं गाडी मरते, म्हणाला. पळणाऱ्या जनावराचं बळ मागच्या पायात असतं आणि तुम्ही तिथंच तिचं मांस काढून घेतलंय.

दुसरा कुणी आर्किटेक्ट असता तर चिडला असता. बाल्बिस हसला. नमुन्याच्या दोन अंगांना दोन वेगळे आकार करायची आमच्याकडे रीतच होती. मधल्या रेषेवर आरसा धरायचा की अर्ध्या गाडीची अख्खी दिसते, एकदा या बाजूनं बघायची, एकदा त्या बाजूनं. बाल्बिस म्हणाला, नदीकडची बाजू माझी, भिंतीकडची तुमची. करा तुमच्या मनासारखी.

तीस वर्षं एवाझियो दुसऱ्यांच्या रेषा ठोकत आला होता. एकही गाडी अशी नव्हती जिच्याकडे बोट दाखवून तो म्हणेल, हे माझं. आता अकरा दिवस तो त्या प्लास्टरच्या एका अंगाशी राहिला. मागच्या चाकावर त्यानं एक खांदा उठवला. फार मोठा नाही. झोपलेलं मांजर कान न हलवता जागं होतं ना, पाठीचा तेवढाच भाग उचलला जातो, तसा. घरी मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळताना मी त्याला विचारलं, कसा झालाय? त्यानं चमचा माझ्या हातातून घेतला, माझा तळहात स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "असा."

मग तोच पोलेंता ढवळू लागला.

जूनमध्ये इंजिनवाले निवड करायला आले. ज्याच्या हातचं काम त्यानं निवडीच्या वेळी समोर उभं राहायचं नाही, हा जुन्या मालकांपासूनचा दंडक. बाल्बिस गावात कॉफी प्यायला गेला. एवाझियो आत, पाठ दाराकडे करून, कुठल्याशा जुन्या मडगार्डचा पोचा काढत बसला. आरसा धरायला कुणीतरी हवं होतं, ज्याचा त्यात हात नाही असं. मला बोलावलं. एवाझियोची बायको म्हणजे त्यात हात नाही, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. शिवणाऱ्या बायका आणि पत्र्याची माणसं, आमच्या मध्ये अंगण होतं एवढंच त्यांना ठाऊक.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच झालं.

आतल्या उजेडात आकार दिसत नाही म्हणून नमुना चाकांच्या गाड्यावरून अंगणात आणला होता. आणि सकाळचं ऊन नाकावर पडावं म्हणून तो फिरवला होता. नाक आता कारखान्याकडे, शेपूट फाटकाकडे. भिंतीकडचं अंग नदीकडे आलं, नदीकडचं भिंतीकडे गेलं.

मी मधल्या रेषेवर आरसा धरून उभी राहिले, माझ्या उंचीचा, दोन्ही हात ताणून. इंजिनवाल्यांतले एक उंच गृहस्थ होते, करड्या सुटातले. त्यांनी बाल्बिसची बाजू पाहिली आणि मान हलवली. मग आरसा फिरवला. ते एवाझियोच्या बाजूला आले आणि हातमोजा काढून त्यांनी त्या खांद्यावर हात ठेवला. आमचे मालक, मोन्सू ओर्मेआ, धाकटे, वडिलांच्या माघारी तीन वर्षं कारखाना चालवणारे, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. गृहस्थ एवढंच म्हणाले, "हीच. दुसरी मला दाखवूही नका."

मी आरशामागे बोटं आवळून धरली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, आरसा जड आहे.

मोन्सू ओर्मेआंना कामगारांसारखं बोलायची हौस होती. वडील आमच्यात वाढलेले, हे शाळांमध्ये. म्हणून आमचे शब्द ते उचलायचे आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हणायचे. ते मोठ्या खोलीच्या दारात गेले आणि आत ओरडले, "मंडळी, नदीकडची बाजू ठरली. लागा कामाला."

अंगणात उभ्या माणसाला ते बरोबरच होतं. आत उभ्या माणसांना नदीकडची बाजू एकच होती.

एवाझियोला ऐकू गेलं नाही. सेकोंदोनं त्याला सांगितलं. मी तेव्हा आरसा फडक्यात गुंडाळत होते आणि मनात गात होते.

संध्याकाळी तो घरी आला, टोपी खुंटीला लावली आणि सपाट आवाजात म्हणाला, "नदीकडची घेतली."

मी हसले. म्हटलं, माहीत आहे, मी तिथंच होते. खूप बरं झालं.

तो माझ्याकडे बघत राहिला. किती वेळ ते मला तेव्हा मोजता आलं नाही, पुढे मात्र मी ते खूपदा मोजलं. मग तो जेवायला बसला आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलू लागला. मीठ दे, दार लाव. मला वाटलं, मोठं काम अंगावर आलंय, धास्ती घेतली असेल. मोठ्या खोलीवर तेव्हा पडदे लागले होते. प्रदर्शनाआधी कुणी बघू नये म्हणून आम्हा बायकांनाही आत मज्जाव होता. मोन्सू ओर्मेआ आत जायचे, पण त्यांना नुसता पत्रा वाचता यायचा नाही. रंग चढेपर्यंत त्यांना सगळं सारखंच करडं. त्यांनी शब्द लक्षात ठेवला होता, खांदा नाही.

मी गाणं म्हणत शिवत होते. चार महिने मी त्या खांद्याला शोभेल अशी सीट शिवली, गडद तांबड्या कातड्याची, टाका न टाका मोजून.

प्रदर्शनाला नऊ दिवस राहिले तेव्हा सीटा बसवायला मला आत बोलावलं. पडदा सरकवला. आव्हेर्ला उभी होती, रंगाच्या आधीच्या राखाडी लेपात. नाकापासून शेपटीपर्यंत एक धार. दोन्ही अंगांनी. मी नदीकडच्या मागच्या चाकापाशी गेले, हात लावला. तिथं काही नव्हतं.

एवाझियो वखारीत होता. सेकोंदो गुडघ्यावर बसून दाराची फट बघत होता. मी त्याला विचारलं, खांदा कुठं गेला?

"कुठला खांदा, मादामिन? तुमच्या नवऱ्यानंच पटाशीनं उडवला जूनमध्ये. दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. म्हणाला, माझं आहे, मीच काढतो." मग तो हसून म्हणाला, "मालकांनी नदीकडची सांगितली ना. आम्ही तर त्याला म्हणत होतो, चल, आज बार्बेराची वाईन आमच्याकडून, हरलेल्या खांद्याच्या नावानं."

मला सीटचा एक खिळा बोटात घुसला तो तसाच राहिला. मी अंगणाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि नमुना माझ्या डोळ्यांसमोर गर्रकन फिरला. आणि जूनमधलं माझं हसू आठवलं. खूप बरं झालं, मी म्हटलं होतं. नवरा हरून घरी आला होता आणि बायको म्हणाली, खूप बरं झालं.

नऊ दिवस होते. मागच्या दोन पत्र्यांना एवाझियोला एरवी तीन आठवडे लागत. पण एकदा एका अपघातातल्या गाडीला त्यानं आणि सेकोंदोनं आठ दिवसांत नवीन पाठ दिली होती, हे मला माहीत होतं. म्हणजे वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही.

मी मोन्सू ओर्मेआंच्या दारापर्यंत गेले. काचेवर बोट ठेवलं. आत ते टेलिफोनवर हसत होते. मी हे बोलले की काय होईल ते मला एकेक करून दिसू लागलं. सगळे म्हणतील, आरसा तर देल्फिनाच्या हातात होता, जूनपासून तोंड शिवून बसली होती का? आणि एवाझियोला कळेल की त्याची बाजू जिंकली होती. आयुष्यात एकदाच जिंकली होती आणि त्यानं ती स्वतःच्या हातानं, पटाशीनं, सोलून काढली. मी स्वतःला सांगितलं की मी त्याच्यासाठी परत फिरतेय. खरं काय ते त्या काचेला माहीत. मी बोट काढलं, खाली आले आणि राहिलेले खिळे मारले.

प्रदर्शनात आव्हेर्ला गोल फिरत्या पाटावर ठेवली होती, गंधकी पिवळ्या रंगात. लोक फोटो काढत होते. कामगारांना पहिल्या दिवशी दोरीच्या मागे उभं राहायची मुभा होती. एवाझियो लग्नातल्या सुटात आला होता. गर्दी आपल्या हातच्या पत्र्याकडे बघतेय म्हटल्यावर तो इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या कोपराला धरून उभा राहिला. रेषा त्याची नव्हती, पण ठोके त्याचे होते.

ते उंच गृहस्थ आले. पाट अर्धा फिरेपर्यंत थांबले. मग हातमोजा काढला, मागच्या चाकाकडे हात नेला आणि हात तसाच हवेत राहिला. ते मोन्सू ओर्मेआंकडे वळले. आवाज चढवला नाही, पण आम्ही पाच पावलांवर होतो.

"मी निवडलेला खांदा कुठं आहे?"

मोन्सू ओर्मेआ म्हणाले, कोणता खांदा, साहेब? त्यांना खरंच आठवत नव्हतं. बाल्बिसचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्याला त्या क्षणी सगळं कळलं आणि तो बुटांच्या टोकांकडे बघू लागला, आणि बघतच राहिला. गृहस्थांनी हातमोजा पुन्हा चढवला, एकेक बोट करून.

एवाझियोनं माझा कोपर दाबला. "काय म्हणाले?"

तो माझ्या ओठांकडे बघत होता. आजूबाजूला हजार माणसं बोलत होती आणि त्या सगळ्यांमधून त्याला फक्त माझे ओठ ऐकू येत होते.

मी ओठ मोठे हलवून म्हटलं, "म्हणाले, रंग चांगला बसलाय."

त्यानं मान हलवली. हात काढून घेतला. "रंग," तो म्हणाला. "बरं."

पन्नास गाड्या झाल्या नाहीत. एकही झाली नाही. इंजिनवाल्यांनी कळवलं की दाखवलेली आणि बनवलेली गाडी एक नाही, अशा कारखान्याशी आम्हाला व्यवहार करता येणार नाही. मोन्सू ओर्मेआंनी कामगारांना सांगितलं की दिवस वाईट आलेत. दिवस खरोखरच वाईट आले, तेव्हा त्यांचं बोलणं खोटं पडायची वेळच आली नाही. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात तेलाचा तुटवडा पडला आणि सरकारनं रविवारी गाडी काढायलाच बंदी केली. त्या पहिल्या रविवारी सगळं तोरिनो पायी रस्त्यावर उतरलं होतं, कुणी सायकलवर, कुणी चाकांच्या बुटांवर, कुणी घोडा आणलेला. आम्ही दोघं फ्रान्स रस्त्याच्या बरोबर मधून चाललो होतो. एवाझियो थांबला, पुढे-मागे मोकळा रस्ता बघितला आणि म्हणाला, "बघ देल्फिना. आज कुणाचीच गाडी रस्त्यावर नाही. फक्त आपलीच नाही, असं नाही."

ते वाक्य बोलून तो हसला. वर्षभरानं हसला. तेव्हा सांगायचं होतं. रस्ता रिकामा, आवाज नाही, मी कुजबुजले असते तरी कदाचित त्याला ऐकू गेलं असतं. मी त्याच्या गळ्याचा मफलर नीट केला.

मग त्यानंच सांगितलं, मी न विचारता. म्हणाला, गाडी माझ्यामुळे गेली. मी ती मन लावून ठोकली नाही. दुसऱ्याची रेषा म्हणून ठोकली. हात चुकला नाही, पण पत्र्याला कळतं गं. त्या साहेबांना रंगाशिवाय बोलायला काही सापडलं नाही, तेव्हाच मी ओळखलं.

माझंच खोटं घेऊन त्यानं स्वतःसाठी फास वळला होता आणि मी मफलर नीट करत होते.

चौऱ्याहत्तरमध्ये कारखाना बंद झाला. एवाझियो मोठ्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गेला. तिथं दारं वरून येत, तो बिजागऱ्या बसवी. दर दिवशी सारखीच दारं, डावी आणि उजवी. त्याला ते शब्द शिकावे लागले. वीस वर्षांपूर्वी तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याचा हात पांघरुणावरून सारखा फिरायचा, तळहात पालथा, डोळे मिटलेले. काय शोधतोस असं मी विचारलं. त्याला ऐकू आलं नाही, आणि या वेळी तो माझ्या ओठांकडे बघतही नव्हता.

मागच्या शरदात इंजिनियर तारिक्को म्हणून एक गृहस्थ माझ्या दारात आले. साठीचे, नीटनेटके, बोलायला आदबशीर. आव्हेर्ला कुठल्याशा तबेल्यात सापडली होती, एका हौशी संग्राहकानं घेतली होती, आणि यांनी ती मोंकालिएरीच्या आपल्या कारखान्यात दोन वर्षं खपून नवी केली होती. जुन्या माणसांपैकी मीच उरले होते. त्यांनी मला गाडीत घालून नेलं, वाटेत फार कौतुक केलं, तुमच्या सीटचा एक टाकाही आम्ही बदलला नाही म्हणाले.

ती उभी होती. गंधकी पिवळी. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान.

तारिक्को मला सगळं दाखवत होते. आताशा आम्ही किरणांनी मोजतो, म्हणाले, केसाएवढा फरक कळतो. हातानं केलेल्या गाड्यांची दोन अंगं कधीच सारखी नसतात, ठाऊक आहे तुम्हाला? पण हिच्यात एक मोठीच चूक निघाली. मागच्या चाकावर एका बाजूला पत्रा सहा मिलिमीटर फुगलेला होता. रंगाखाली दिसायचा नाही, पण हाताला लागायचा. दुसऱ्या बाजूला अगदी आखल्यासारखा सरळ.

मी विचारलं, कोणत्या बाजूला?

"डाव्या."

"डाव्या म्हणजे? नदीकडच्या की भिंतीकडच्या?"

ते हसले, म्हाताऱ्या माणसाशी हसतात तसे. मी डोळे मिटले. नाक फाटकाकडे, शेपूट भट्टीकडे. स्टिअरिंगचं चाक हाती धरून बसलेल्या माणसाची डावी. भिंत.

चार महिने त्यानं दुसऱ्याची रेषा ठोकली होती, दोन्ही अंगांनी, कुणाला एक धार चुकलेली दिसू न देता. आणि आपल्या बाजूला, जिथं त्यानं स्वतःच्या हातानं सगळं सोलून काढलं होतं, तिथं त्याच्या हातानं त्याला न विचारता सहा मिलिमीटर परत आणले होते. की विचारून? ते मला कधी कळणार नाही. त्या प्रदर्शनात गृहस्थांचा हात हवेत न थांबता आणखी चार बोटं खाली गेला असता तर त्यांना ते लागलं असतं. पण हात थांबला तेवढ्यात पाट फिरला आणि त्यांच्यासमोर दुसरी बाजू आली.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"सुधारलं," तारिक्को म्हणाले. "नवीन पत्रा बसवला. आता दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत. मधोमध आरसा धरा, फरक दाखवून द्या." ते खुशीत होते. इतकं चांगलं काम केलेल्या माणसानं खुशीत का असू नये?

मी जुना पत्रा मागितला. म्हटलं, नुसता हात लावायचाय. ते जरा गोंधळले. पोरांना विचारून आले. मग म्हणाले, माफ करा, मादाम, मागच्या गुरुवारी भंगाराबरोबर वितळवायला गेला. आधी कळलं असतं तर नक्की ठेवला असता.

आधी कळलं असतं तर. हे मला त्यांनी सांगावं.

मी गाडीभोवती फिरून मागच्या चाकापाशी गेले आणि पत्र्यावर तळहात ठेवला. गार होता, गुळगुळीत, कुठंही चूक नव्हती. मी दुसऱ्या बाजूला गेले. तीही तशीच. तारिक्को काहीतरी विचारत होते, सीटबद्दल असेल. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.